सत्तरीला साडेतीन वर्षं कमी

१

वाघेशेतच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातलं एक पान कुणीतरी कापून नेल्याचं सोमवारी सकाळी साडेअकराला उघडकीला आलं. सरकारी कागद नाहीसा झाला की जे होतं ते लगेच झालं. मुख्याध्यापिका तेजश्रीबाईंना रडू फुटलं. शिपाई पदू कुणी विचारायच्या आत ‘मी नाय’ म्हणाला. आणि ज्याच्यासाठी रजिस्टर उघडलं होतं तो जितेश ठोंबरे दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

वाघेशेत आता नाही. डोंगराच्या बगलेतलं ते वीस घरांचं गाव पस्तीस वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्यात गेलं. माणसं मिळेल तिकडे पांगली, आणि शाळेचं लाकडी कपाट चौक गावाच्या बाहेर, जुन्या महामार्गालगतच्या पुनर्वसन वसाहतीत आलं. पुनर्वसन पूर्ण झालं असं ज्याच्याबद्दल निश्चित म्हणता येईल असं ते कपाट एकटंच.

जितेशला त्या कपाटातून वडिलांची जन्मतारीख हवी होती. वडील, सहदेव तुकाराम ठोंबरे, रसायनीच्या एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले, पनवेलच्या रुग्णालयात पडून होते. हृदयाची झडप आवळली होती. ऑपरेशन महिन्याच्या आत व्हायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्यातले नऊ दिवस गेले होते. सरकारी योजनेत घराला वर्षाचे पाच लाख मिळतात. ते यंदा जितेशच्या आईच्या, सुनंदाबाईंच्या कॅन्सरवर संपले. पाठोपाठ सुनंदाबाईही संपल्या.

राहिली एक वाट. सत्तरी पूर्ण झालेल्या माणसाला वय वंदना कार्ड मिळतं. त्याच्यावर त्याच्या एकट्यासाठी वेगळे पाच लाख असतात, आणि घरात किती येतं हे कुणी विचारत नाही. विचारतात फक्त वय, तेही माणसाला नाही, आधार कार्डाला. सहदेवच्या आधारवर तारीख होती एक जून एकोणीसशे एकोणसाठ. म्हणजे साडेसहासष्ट. झडपेला आणखी साडेतीन वर्षं दम काढायला हवा होता.

“बाबा सहासष्टचे नायत,” जितेश पुन्हा म्हणाला. “महाराष्ट्र राज्य झालं तवा शाळंत पेढे वाटले. बाबांनी रांगेत दोनदा उभं राहून दोन खाल्ले आनि गुरुजींनी कान पिळला. शंभरदा सांगितलंय त्यांनी. साठ सालची गोष्ट. अकरा महिन्यांचं पोर रांगेत दोनदा कसं उभं ऱ्हाईल, बाई?”

तेजश्रीबाईंच्या पुढ्यात उघडं रजिस्टर होतं आणि शिवणीपाशी बोटभर रुंदीची कागदाची पट्टी उरली होती.

“पोलिसांत गेलं तर मी निलंबित होणार,” त्या म्हणाल्या. “पदू, जा. दशरथकाकांना बोलाव.”

२

दशरथने चौतीस वर्षं या पट्ट्यात टपाल वाटलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांची पाकिटं न फोडता हातात धरायची म्हणजे कुतूहल साठून राहतं. निवृत्तीनंतर त्याने ते मोकळं सोडलं होतं. वय एकाहत्तर. सकाळी दहाला तो किशोरच्या सेवा केंद्रात जाऊन बसे आणि म्हाताऱ्यांचे अर्ज भरून देई. अंगठा मशीनवर उठेना तर कॅमेऱ्याकडे तोंड कसं करायचं, डोळे कधी मिटायचे, मोबाइलवर आलेला आकडा कुणाला सांगायचा आणि कुणाला मरेपर्यंत सांगायचा नाही, हे तो इतक्या शांतपणे समजावी की काही म्हाताऱ्या कार्ड झाल्यावरही विचारायला येत.

सहदेव त्याचा जुना दोस्त. नोकरीत रुजू झाल्यावर दशरथने दिलेलं पहिलंवहिलं रजिस्टर्ड पत्र सहदेवचंच होतं : ऐंशी साल, कारखान्याचं बोलावणं. नदी ओलांडून तो वाघेशेतात गेला, ओळख कुणाचीच नाही. अंगणात उभं राहून त्याने मोठ्याने वाचलं, “सहदेव तुकाराम ठोंबरे कोण?” डोक्याचा चकोट केलेला एक दांडगा माणूस बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मीच.” सही करताना त्याचा हात थरथरत होता. उवांनी बेजार झालेल्या माणसाला नोकरी लागली, याचा दशरथला तेव्हा फार आनंद झाला होता.

आता त्याने रजिस्टर दाराच्या उजेडात नेलं आणि आधी कापलेल्या कडेवर बोट फिरवलं.

“ब्लेडनं कापलं नाय हे.”

“मग?” तेजश्रीबाई.

“ब्लेडनं कड सरळ येते. ही चावत चावत गेलीय. टचक, टचक, टचक. कात्रीचं पातं याच्यापेक्षा लांब असतं.” पट्टीच्या खालच्या टोकाला तांबूस ठिपका होता. दशरथने तो हुंगला.

मग त्याने बाकीच्या दोघांना सुचलं नव्हतं ते केलं. पान पुढे उलटलं.

“हितं मागच्या पानावर शेवटचा नंबर एकशे अठरा. पुढच्या पानावर पयला एकशे तेहेतीस. मधले चौदा गेले. पण जितेश, तुजा बाप शाळंत कधी घातला असंल?”

“एकोणसाठचा जन्म धरला तर पासष्टला.”

दशरथ आणखी दोन पानं पुढे गेला आणि थांबला.

“एकशे त्रेसष्ट. ठोंबरे सहदेव तुकाराम. जन्म एक जून एकोणसाठ. दाखल जून पासष्ट. ही बघ नोंद. जशीच्या तशी हाय.”

जितेश रजिस्टरावर वाकला. त्याने तारीख दोनदा वाचली आणि त्याचे खांदे उतरले. बाप सहासष्टचाच होता. शाळाही तेच म्हणत होती.

“मग काका,” तेजश्रीबाई हळूच म्हणाल्या, “कापलं काय?”

“अठ्ठावन्न ते साठ सालची नोंद,” दशरथ म्हणाला. “सहदेव जलमायच्या आधी सुरू झालेलं पान.”

३

पदूची जबानी शाळेच्या ओट्यावर झाली. त्याने आल्याआल्या कबुली दिली, पण ती दुसऱ्याच गुन्ह्याची.

“रद्दी मी एकदाच इकली, काका. ती पन सहामाईच्या पेपरांची. महामार्गावरच्या ढाब्यावाल्यानं त्यात भजी बांदली, आनि ती भजी तवाच्या हेडमास्तरांनीच घेतली. कांद्याच्या भज्याखाली त्यांना त्यांचीच लाल शाई दिसली. तवापास्नं मी कागदाला हात लावत नाय.”

“शनिवारी तू कुठं होतास?”

“खिचडीच्या तांदळाची गाडी आलेली. गोणी मोजत व्हतो. बाई पन तितंच, सही करायला.”

“आणि रजिस्टर?”

“हापिसात, टेबलावर. जनाआत्या बसलेली तितं.”

दशरथने मान वर केली. जनाबाई म्हणजे सहदेवची बहीण. कर्जतजवळ कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याला दिलेली. भाऊ आजारी म्हणून पंधरा दिवसांपासून जितेशकडे येऊन राहिली होती, आणि रुग्णालयात भावाच्या उशाशी दिवसभर बसे.

तेजश्रीबाईंनी ते नाकारलं नाही. “हो, आल्या होत्या आजी. त्यांना स्वतःचा शाळेचा उतारा हवा होता. वय वंदना कार्डासाठी. मीच नोंद काढून दिली. साठ साल, एकशे एकोणतीस नंबर. म्हटलं, ‘आजी, हे बघा तुमचं नाव.’ त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात गाडी आली. परत आले तर रजिस्टर मिटलेलं, आणि आजी म्हणाल्या, ‘सोमवारी येते गं पोरी.’”

“म्हणजे जे पान गेलं त्याच्यावर जनाबाईचीच नोंद होती.”

“म्हणून तर त्यांच्यावर संशय घ्यायला मन होत नाही, काका. नुकसान त्यांचंच झालं ना. स्वतःच्या घराची कौलं कोण काढून नेतं?”

दशरथ उठला. “जितेश, गाडी काढ. पनवेलला जाऊ.”

“कोणाला भेटायचं?”

“पेशंटला,” दशरथ म्हणाला. पण वाटेत त्याने किशोरला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून त्याने फोन खिशात ठेवला, आणि पनवेल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

४

रुग्णालयाच्या भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं की सत्तरीनंतर चिंता सोडा. त्या चित्राच्या बरोबर समोरची खाट सहदेवची होती. बहुधा कुणी मुद्दाम केलं नसावं.

सहदेव उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की दम लागे. दांडगा देह आता खुंटीला अडकवलेल्या सदऱ्यासारखा दिसत होता. जनाबाई स्टुलावर बसून मांडीवरच्या चंचीतून सुपारी काढत होती.

“दादा, दूध घे रं थोडं,” ती म्हणाली. “दोन घोट घे. पोस्टमन आला बघ तुजा.”

“पत्र आणलंस काय रं?” सहदेव हसला.

“पत्र नाय. चौकशी आणलीय. शाळेच्या रजिस्टरचं पान गेलं.”

सहदेवचं हसू जागेवर थांबलं. दशरथ ते बघत होता. पण त्याहून जास्त तो जनाबाईच्या हाताकडे बघत होता. अडकित्त्यात सुपारी धरली होती. टचक. टचक. बारीक, सारख्या फोडी पडत होत्या. तिच्या अंगठ्याला काताचा तांबडा रंग चढला होता.

“जाऊ दे ना पान,” सहदेव म्हणाला. “जितेशला मी आधीच बोललो, नको उकरू. जेवडं वय कागदावर तेवडं माज्या नशिबात. पोराची नोकरी धरनग्रस्ताच्या दाखल्यावर लागली, दाखला माज्या नावावर. उगा वरच्या सायबांच्या डोक्यात काय यायला नको.”

“तारीख दुरुस्त केली म्हणून दाखला कसा जाईल, बाबा?” जितेश वैतागला.

सहदेव समोरच्या हसऱ्या जोडप्याकडे बघत राहिला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “अजून सत्तरीचा नाय झाला तो.”

“कोण तो?” दशरथने विचारलं.

जनाबाईचा अडकित्ता थांबला.

“मी,” सहदेव म्हणाला. “मी म्हनालो मी.”

५

दशरथने जनाबाईला चहाच्या निमित्ताने खालच्या कँटीनमध्ये आणलं. जितेशलाही बसवून घेतलं. चहा आला, त्याच्यावर साय धरली, तरी कुणी कप उचलला नाही.

“जनाबाई, तुमचं वय किती?”

“एकाहत्तर. तूच नाय काय लिवलंस कार्डाला?”

“मीच लिहिलं. गेल्या जानेवारीत. तुमचा अंगठा उठेना म्हणून चेहऱ्यावर केलं. आत्ताच किशोरकडून खात्री करून घेतली. अकरा महिन्यांपास्नं तुमचं कार्ड तयार हाय. मग शनिवारी शाळेत कार्डासाठी उतारा कशाला हवा झाला?”

जनाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

“दुसरं,” दशरथ म्हणाला. “कागदावर तुम्ही चोपन्नच्या, सहदेव एकोणसाठचा. पाच वर्षांनी धाकटा भाऊ. त्याला तुम्ही ‘दादा’ म्हणता. भाऊबीजेला मी तुमच्या घरी दहादा जेवलोय, ओवाळून झाल्यावर तुम्ही त्याच्या पाया पडता. धाकट्या भावाच्या पाया कोण पडतं, जितेश?”

जितेशने जन्मभर ते बघितलं होतं, आणि घरात जे रोज दिसतं ते कुणी बघत नाही.

“तिसरं, पेढा. साठ साली रांगेत दोनदा उभा राहिलेला पोरगा खोटं बोलत नाय. तारीख पण खोटी नाय, रजिस्टरात तशीच हाय. मग एकच मार्ग राहतो. तारीख एकाची, पेढा दुसऱ्याचा.”

“काका, तुम्ही काय बोलताय?” जितेशचा आवाज चढला.

“चौथं मला चौतीस वर्षांच्या नोकरीत कळलं नाय, आणि निवृत्तीच्या अकरा वर्षांतही नाय. मघाशी गाडीत कळलं.” दशरथने चष्मा काढला. “वाघेशेतच्या अंगणात उभ्या माणसाचा चकोट केलेला होता. मी पंचवीस-सव्वीसचा. मला वाटलं, उवा. जनाबाई, त्या दिवशी तुमच्या घरात सुतक होतं. कितवा दिवस होता?”

जनाबाईने चंची उघडली. सुपारीच्या खाली, पानांच्या ओल्या फडक्याच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला पिवळा कागद होता. तिने तो टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवला.

“अकरावा,” ती म्हणाली.

६

दशरथने कागद उलगडला. पहिलीच ओळ. एकशे एकोणीस. ठोंबरे नागू तुकाराम. जन्म एक जून बावन्न. त्या काळी गुरुजी सगळ्या पोरांना एक जूनलाच जन्माला घालत. त्याच्याने शाळेला सोपं जाई.

“मी तोंडानं नाय बोलनार,” जनाबाई म्हणाली. “आईनं शपथ घातलीय. मेली ती, पन शपथ हाय. तूच वाच, तूच बोल.”

म्हणून दशरथच बोलला. चुकला की ती मान हलवायची, बरोबर आलं की गप्प बसायची, अडला की एखादा शब्द पुढे करायची.

दोघे भाऊ. थोरला नागू, चौथीत शाळा सोडून जंगलात लाकूड वाहायला लागलेला. धाकटा सहदेव, सातवी पास, घरातला पहिला शिकलेला. सहदेवने कारखान्यात अर्ज टाकला होता. पंचविशीच्या आतला, सातवी पास हवा होता. ऐंशीच्या श्रावणात त्याच्या पोटात कळ आली. तीन दिवस अंगारे झाले. चौथ्या दिवशी नागूने त्याला झोळीत घालून कर्जतला न्यायला काढलं. नदीला पाणी होतं.

“पलीकडं गेला?” दशरथने विचारलं.

“दादा गेला पलीकडं,” जनाबाई म्हणाली. “झोळी घेऊन. झोळीत कोन नव्हता तवर.”

अकराव्या दिवशी नवा पोस्टमन आला आणि अंगणात उभं राहून त्याने मेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने वाचलं. आई दारात होती. तिने थोरल्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो म्हणाला, “मीच.”

आईने तेराव्याचं जेवण घातलं नाही. जो कामाला जातो त्याचं तेरावं कसं घालणार? वीस घरांनी तोंडं मिटली, आणि पुढे धरणाच्या पाण्याने ती घरंही मिटवली. नागू नावाच्या माणसाचा जगात एकच कागद उरला. रजिस्टरातली एक ओळ.

“पण आत्या,” जितेश कसाबसा म्हणाला, “तू कापलंस कशाला? हाच तर पुरावा व्हता. लपवायला कापलंस?”

“लपवायला?” जनाबाईला पहिल्यांदा राग आला. “आरं, द्यायला कापलं! पुनर्वसनाच्या कचेरीत गेले, म्हनले, म्हातारे कागद आन. रेशनला गेले, कागद आन. बँकेत गेले, कागद आन. चाळीस वर्सं ह्येच ऐकते. मानूस आनू नको, कागद आन. मला शपथ हाय, मी बोलू शकत नाय. मग म्हनलं कागदच नेऊन ठेवते किशोरच्या म्होरं. त्यो बोलंल. नागू त्र्याहत्तरचा हाय, त्याचं कार्ड काढा. रविवारी दुकान बंद. आज तूच आलास.”

दशरथने कागदाची घडी पुन्हा घातली. सांगायचं होतं ते सांगणं त्याच्याने होईना.

“जनाबाई,” शेवटी तो म्हणाला, “हा कागद रजिस्टरात शिवलेला होता तोवर तो नागू होता. बाहेर काढला की नुसता कागद. कापलेल्या पानाचा उतारा कुणी देत नाय.”

तिने त्याच्याकडे बघितलं. मग कागदाकडे. मग स्वतःच्या अडकित्त्याकडे.

“चिकटवू,” ती म्हणाली. “भाताच्या खळीनं चिकटवू, दशरथ. मी चिकटवते.”

७

चिकटवलं. तेजश्रीबाईंनी समासात लाल शाईने शेरा लिहिला की पान क्रमांक अमुक हे वयोवृद्ध माजी विद्यार्थिनीकडून अनवधानाने सुटे झाले असून पूर्ववत जोडण्यात आले आहे. खाली दोन साक्षीदार : दशरथ आणि पदू. पदूने सही करण्यापूर्वी हात धुतले. “निलंबित करायचं तर करोत,” तेजश्रीबाई म्हणाल्या. त्यांचं रडणं थांबलं होतं.

किशोरने पुढचं सांगितलं. नाव मुळापासून बदलायचं तर शपथपत्र, राजपत्र. तारखेला शाळेचा उतारा. मग वरच्या कचेरीत कुणीतरी बघणार, शंका काढणार, पुन्हा बोलावणार. त्याच्यानंतर वय वंदना कार्ड.

“आणि कार्डाला किती वेळ?” दशरथने विचारलं.

“कार्डाला काय, काका. दहा मिनिटं.”

राहिली सही. ती खाटेवरच्या माणसाची हवी होती, आणि खाटेवरचा माणूस तयार नव्हता.

“सहदेवची पेन्शन मी खाल्ली,” तो म्हणाला. “सहदेवच्या नावावर धरनाचा दाखला, त्याच्यावर ह्याची नोकरी. मी नागू झालो तर ह्यो कोनाचा पोरगा?”

“तुमचाच,” जितेश म्हणाला. “नोकरी गेली तर गेली. रसायनीत काय, एका कंपनीचा वास सोडायचा, दुसरीचा घ्यायचा. बाबा, सही करा. आईच्या वेळी मला काय करता आलं नाय.”

सुनंदाबाईंनी पंचेचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा ‘घरधनी’ म्हणून भागवलं होतं. गावाला तो बुजरेपणा वाटला होता.

“तुज्या आईला म्हाईत व्हतं,” खाटेवरचा माणूस म्हणाला. “ती बोलली व्हती, खोटं नाव घेनार नाय, खरं घेता येत नाय. मग घेतच नाय.”

त्याने पेन मागितलं. दशरथने अर्ज पुठ्ठ्यावर धरला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यानेच एक कागद असा पुढे धरला होता, आणि तेव्हा थरथरणारा हात त्याला आनंदाचा वाटला होता. आताही हात थरथरत होता. चौथीतल्या अक्षरात, ओळीच्या वरखाली जात, सही उमटली : नागू.

“आता सहदेव मेला ना रं, पोस्टमन?” त्याने विचारलं.

“हो. कागदावर आज मेला.”

“मग त्याचं तेरावं घालता येईल.”

जनाबाईने तोंडाला पदर लावला. खाटेवरचा म्हातारा रडायला लागला, आणि झडपेमुळे त्याला नीट रडताही येईना. दम लागे, थांबे, पुन्हा सुरू करी. नर्स धावत आली. “कोण गेलं?” तिने विचारलं.

“धाकटा भाऊ,” जनाबाई म्हणाली. शपथेतलं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही.

“कधी?”

जनाबाई भावाची पाठ चोळू लागली.

त्या सहीला आता सतरा दिवस झाले. डॉक्टरांनी दिलेला महिना चार दिवसांपूर्वी संपला. ते आता तारीख बोलत नाहीत, नुसते गोळ्या बदलतात. वसाहतीत तेरावं झालं. वीस घरांपैकी जी सापडली त्या सात घरांतली माणसं जेवून गेली. किशोरच्या पडद्यावर अर्जाच्या पुढे ‘पडताळणी सुरू’ असं येतं, आणि रोज तेच येतं.

दशरथ सकाळी ते बघतो आणि दुपारी पनवेलला जातो. नागू उशांना टेकून वाट बघत असतो.

“आलं काय रं पत्र?”

“आज नाय. उद्या बघू.” चौतीस वर्षं रस्त्यावर हेच उत्तर दिलेलं, ते तोंडात तयार असतं.

“येईल तवा कोनाच्या नावानं येईल?”

पहिल्या दिवशी दशरथला वाटलं, म्हाताऱ्याला विसर पडतोय. दुसऱ्या दिवशी वाटलं, भीती वाटतेय. आता तो असलं काही वाटून घेत नाही. खाटेपासून दोन पावलं मागे सरतो, अंगणात उभं राहिल्यासारखा ताठ होतो, आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचतो, हातात काहीच नसताना :

“नागू तुकाराम ठोंबरे कोण?”

खाटेवरचा माणूस आता वेळ लावत नाही.

“मीच,” तो म्हणतो.